मशीनला थाप

घणेकर हे त्याचं आडनाव नव्हतं. पाडकामाच्या टोळीत घण उचलणारे पुष्कळ होते. पण भिंत कोणत्या अंगाला कोसळणार हे ज्याच्या तोंडाकडे बघून बाकीचे ठरवत आणि त्याप्रमाणे सरकून उभे राहत, असा हा एकटा. कुणीतरी थट्टेत घणेकर म्हटलं आणि ते नाव हजेरीच्या हाकेत जाऊन बसलं. मोडणं हा त्याचा धंदा होता, आणि घरी आल्यावर दाराबाहेर काढून ठेवायला धंदा म्हणजे काही चप्पल नव्हती.

कामावर त्याला मान होता. एकदा जिन्याचा स्लॅब वेळेआधी सुटला आणि जोडीदाराचा पाय गुडघ्यापर्यंत खाली सापडला. बाकीचे मुकादमाला शोधायला धावले. घणेकरनं तिथंच घण उचलला आणि स्लॅब फोडून माणूस बाहेर ओढला. पाय गेला, माणूस राहिला. माणूस फार ओरडत होता म्हणून घणेकरनं त्याच्या कानाखाली एक दिली. सांत्वनाचा त्याच्याकडे एवढाच प्रकार होता. तो जोडीदार पुढे कुबडी घेऊन भेटायला यायचा तेव्हा पायापेक्षा त्या थपडेबद्दल जास्त बोलायचा, आणि तेही कौतुकानं. अशा कौतुकानं माणूस बिघडतो.

मशीन त्याला असंच एक घर पाडताना सापडलं. मालकांनी नेण्यासारखं सगळं नेलं होतं आणि उरलेलं घराबरोबर मरायला ठेवलं होतं: एक तडकलेला आरसा, एक लोखंडी खाट, आणि कोपऱ्यातल्या खोलीत एक जुना स्टिरिओ. त्यातला ॲम्प्लिफायर म्हणजे पुढून चकचकीत पत्र्याची आणि बाजूंनी लाकडाची जड पेटी. तिच्या डोक्यावर कॅसेटचा डेक आणि दोन्हीकडे कमरेएवढे स्पीकर. घणेकरनं वायर लावली. दिवा लागला, आवाज नाही. त्यानं सवयीनं पेटीच्या डाव्या कुशीत, जरा मागच्या बाजूला, थाप दिली. कॅसेटमधल्या बाईनं गाण्याची ओळ मधूनच उचलली. घणेकर आपल्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या मारानं काहीतरी सुरू झालं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

घरात त्या सगळ्याला मिळून मशीन म्हणत. मशीनचा दोष असा की आवाज मधेच जायचा आणि थाप दिल्याशिवाय परत यायचा नाही. त्यामुळे त्या दोन खोल्यांतून थाप ऐकू येणं ही रोजची गोष्ट झाली. भिंती पातळ होत्या. घणेकरच्या अंदाजानं एका दुपारचं काम. शेजाऱ्यांनी हळूहळू एक नियम बसवून घेतला. पलीकडे थाप वाजली की हातातलं काम थांबवायचं आणि कान द्यायचा. मागोमाग गाणं आलं तर मशीन. नाही आलं तर माणूस.

गाणं न येण्याचे दिवस कमी नव्हते.

बायको बारीक चणीची होती आणि घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. एका संध्याकाळी तिनं, मुलांचा अभ्यास चाललाय, मशीनचा आवाज जरा कमी करता का, एवढंच विचारलं. घणेकरनं मशीन पूर्ण बंद केलं. मग तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड स्पीकरच्या कोपऱ्यावर आपटलं. दोनदा. दुसऱ्या वेळी जबड्याचं हाड वाजलं, सुकी फांदी पायाखाली यावी तसं. फ्रॉकच्या वयाची लेक दारात उभी होती. आईच्या मांडीवरची बटणं जमिनीवर पसरली आणि ती कितीतरी वेळ गोल फिरून मग एकेक करून आडवी झाली. लेकीनं ती गोळा केली, कारण दुसरं काय करायचं हे तिला सुचलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी कशानं लागलं असं विचारलं. "मशीनचा कोपरा लागला," बायको दात न उघडता म्हणाली. वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. थाप या शब्दाला भाषेनं दोन अर्थ ठेवलेत, एक हातानं मारायची आणि एक तोंडानं. त्या घरात कामाची वाटणी झाली होती. पहिली तो मारायचा, दुसरी ती.

खालच्या मजल्यावर एक रेडिओवाला राहायचा. तो एकदा आपणहून वर आला, मशीनचं झाकण काढून आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, की यात मोठं काही नाही, आत एक सांधा सुटलाय; कथलाचा एक थेंब टाकला की थाप मारायची गरजच उरणार नाही. घणेकरनं त्याची कॉलर धरून त्याला जिन्यापर्यंत नेलं आणि सोडून दिलं. जिना सरळ असल्यामुळे रेडिओवाला खालच्या वळणापर्यंत गेला. त्याचा खांदा निखळला. फुकट दुरुस्तीचा एवढा राग का यावा, हे चाळीत कुणालाच कळलं नाही.

मुलगा मोठा होत होता. त्याला मारण्याआधी घणेकर नेहमी एकच वाक्य म्हणायचा: "थांब, तुला शिकवतो." शिकवणी वर्षानुवर्षं चालली. एका दुपारी ते वाक्य पुरं व्हायच्या आत मुलानं बापाचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं बापाच्या तोंडावर अशी ठेवून दिली की पुढचे दोन दात आत गेले. शिकवण वाया गेली नव्हती. शेजाऱ्यांनी आवाज ऐकला, कान दिला, गाणं आलं नाही. सवयीप्रमाणे एक बाई बर्फाची वाटी घेऊन घणेकरच्या बायकोसाठी आली. दार घणेकरनं उघडलं. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. बाई म्हणाली, "अगोबाई, आज तुम्ही का?" आणि वाटी त्याच्या हातात ठेवून गेली. मुलगा त्याच दिवशी घर सोडून गेला. पुन्हा आला नाही.

लेकीला पुढे कपबशांच्या कारखान्यात काम मिळालं. भट्टीतून निघालेल्या कपांवर लाकडी दांडीनं टिचकी मारायची आणि आवाज ऐकून तडा ओळखायचा. चांगला कप घंटेसारखा वाजतो, तडकलेला खोकतो. डोळ्यांना न दिसणारी चीर ती कानानं पकडायची. असा कान आणला कुठून, असं तिथली मुख्य बाई विचारायची. लेक सांगायची, घरचाच आहे. लग्नासाठी माणूसही तिनं पारखून घेतला. तो चपलांच्या दुकानात विक्रेता होता. दिवसभर लोकांच्या पायाशी बसून त्यांना घट्ट होतंय का, टोचतंय का, असं विचारणं हेच ज्याचं काम, त्यानं घरी येऊन कुणावर हात उचलायचा म्हणजे आधी उभं राहायला हवं. आणि तो घरी आल्यावरही बसलेलाच असायचा, मांडीवर कुठल्या ना कुठल्या वस्तूचं माहितीपत्रक घेऊन. पंख्याचं, मिक्सरचं, कुलपाचं. माहितीपत्रक मुळापासून वाचणारा माणूस त्या लेकीनं पहिल्यांदाच बघितला.

बायको आजारात गेली. जबडा शेवटपर्यंत एका बाजूनं उघडायचा. मग इमारतच पाडायला निघाली. घणेकर रस्त्यावर मशीनच्या पेटीवर बसून बघत होता. लांब मानेचं एक यंत्र आलं आणि त्यानं भिंती अशा काढल्या जशी कुणी पावाची कड काढतं. त्याला वाईट वाटलं ते घराचं नाही. भिंत कोणत्या अंगाला पडणार हे कुणी त्याला विचारलं नाही, याचं.

लेक त्याला घ्यायला आली. का आली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि बहुधा स्वतःलाही विचारलं नाही. पण आपल्या घराच्या दारात आल्यावर ती वळली आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिली. मशीनची पेटी पोटाशी धरून घणेकर जिन्यात ताटकळला.

"एक गोष्ट आधीच सांगते, बाबा," ती म्हणाली. "या घरात जो हात उचलेल, तो त्याच पावली बाहेर. बाप असो, नवरा असो, मी असो."

"आणि मशीन?" घणेकरनं विचारलं.

"मशीनला हात नसतो," लेक म्हणाली आणि बाजूला झाली.

त्या वयात, एका कानानं अधू, दुसरं कुठलं दार उघडं नसलेल्या माणसाला ही अट समजायला फार वेळ लागत नाही. घणेकरनं स्वतःसाठी एक सोय केली. खुर्चीत बसताना तो दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचा. राग आला की हातांवर भार द्यायचा. जेवताना ते बाहेर काढावे लागत, म्हणून जेवताना तो बोलत नसे. लेकीनं हे बघितलं होतं. त्याच्या खुर्चीवर तिनं एक मऊ गादी आणून टाकली.

अडचण टीव्हीनं केली. लेकीच्या घरी भिंतीवर नवा टीव्ही होता, खिडकीएवढा रुंद आणि पाटीएवढा जाड. चित्र लखलखीत; आवाज मात्र पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. आयुष्यभर घणाशेजारी उभ्या राहिलेल्या कानांना त्यातलं काही लागत नसे. घणेकर कुरकुरायचा, की माणसं ओठ हलवतायत, पैज लावतात की भांडतात काही कळत नाही. शिवाय या टीव्हीला थाप मारायला जागाच नव्हती. त्यानं एकदा कडेनं बोट फिरवून बघितलं आणि सोडून दिलं. मग त्यानं कोपऱ्यात फडक्याखाली ठेवलेल्या मशीनकडे बोट दाखवलं. याला ते जोडा.

जावई दोन दिवस खुलला होता. त्यानं मशीनची पाठ पुसली, टीव्हीची पाठ चाचपली, आणि जाहीर केलं की या दोघांचं एकमेकांशी जुळणारं एकही भोक नाही. मशीनला लाल आणि पांढरी अशी गोल भोकं. टीव्हीला एकच चौकोनी भोक, त्यात लाल उजेड. सासरे-जावई मिळून विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार बोलघेवडा होता. त्यानं समजावलं, की तुमचा टीव्ही बोलतो आकड्यांत, तेही उजेडाच्या तारेतून. आणि तुमच्या मशीनला साधी जुनी विजेची भाषा कळते. तेव्हा मधे दुभाष्या ठेवावा लागेल. त्यानं काडेपेटीहून थोडी मोठी डबी काउंटरवर ठेवली. एका बाजूनं उजेड घ्यायचा, दुसऱ्या बाजूनं लाल-पांढरी तार द्यायची. मशीनला काही त्रास आहे का, असंही त्यानं विचारलं, आणि आवाज मधेच जातो हे ऐकून म्हणाला, "आत सांधा सुटला असेल. घेऊन या, बसल्या बसल्या जोडून देतो."

जावयाला हे पटलं होतं. घणेकर म्हणाला, नको. ते आहे तसंच चालतं. हात मांडीखाली घालून बसायला तिथं खुर्ची नव्हती, म्हणून त्यानं ते खिशात घातले. दुकानदारानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डबी कागदात गुंडाळली.

जोडणी सुट्टीच्या दिवशी झाली. जावयानं माहितीपत्रक जमिनीवर पसरलं आणि पहिलीच चूक सावकाश, वाचून केली. मशीनच्या पाठीवर सगळ्यात स्वच्छ भोकं होती ती त्यानं निवडली. ती ग्रामोफोनच्या तबकडीच्या सुईसाठी होती. सुईचा आवाज डासाएवढा, म्हणून मशीन तो शंभरपट करून घेतं. तिथं आता आख्खा टीव्ही घुसला. बटण दाबल्याबरोबर स्पीकरमधून जो काय स्फोट झाला त्यानं कपाटाच्या काचा थरथरल्या आणि स्पीकरच्या जाळीतून वर्षांची धूळ पिचकारीसारखी बाहेर आली. जावयानं वायर उपटली. मग शांततेत दोघांना लक्षात आलं की स्वयंपाकघरातून काही आवाज येत नाही.

लेक फ्रिज आणि भिंतीमधल्या फटीत उकिडवी बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर, जबडा छातीत दडवलेला. जावई तिच्यासमोर बसला, गिऱ्हाइकासमोर बसतो तसा, आणि पायाला काही लागलं का विचारू लागला. घणेकर दारात उभा होता. ही बसण्याची पद्धत त्याच्या ओळखीची होती. मशीनच्या आवाजानं नव्हे, ती त्याच्या हातानं शिकवलेली होती. तो परत जाऊन खुर्चीत बसला आणि हातांवर बसला.

दुसऱ्या प्रयत्नात भोकं बरोबर निघाली. तरी नुसती खरखर येत होती. मग जावयानं रिमोटनं टीव्हीच्या आत शिरून, पडद्यावर एकातून एक पाट्या उघडत, आवाज साध्या भाषेत पाठवण्याची आज्ञा शोधून काढली, आणि खोली भरून गेली. बातम्या सांगणारी बाई जशी काही त्याच खोलीत बसून श्वास घेत होती. घणेकरला पहिल्यांदाच शब्द कळले. चेहऱ्यावर हसू आलं, मागचे राहिलेले दात दिसले. आणि आवाज गेला.

घणेकरचा उजवा हात मांडीखालून निघून हवेत होता. स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. हात हवेतून, वाट चुकल्यासारखा, पुन्हा जागेवर गेला.

"जावईबापू," घणेकर म्हणाला, "तुम्हीच द्या एक. डाव्या कुशीत."

जावयानं दिली. कुणाच्या तळव्याला पावडर लावावी तशी.

"अंगाई नाही म्हणायची. झोपलंय ते, उठवायचंय."

हळूहळू जावयाचा हात बसला. थाप देणं हे त्याचं काम ठरलं, घणेकरचं काम हातांवर बसणं, आणि तिसरं एक काम होतं ज्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. लेक स्वयंपाकघरात खलबत्त्यात काही कुटत असे. बाहेर थाप वाजली की कुटणं थांबायचं. गाणं आलं की पुन्हा सुरू व्हायचं. घणेकरचा अधू कानही ते नेमकं टिपायचा. बत्ता थांबला की त्याचा श्वास थांबायचा. बाहेर काढलं जाणं आणि इथं राहणं यांच्यामधे रोज काही वेळा एवढीच फट उघडायची, थाप आणि गाण्यामधली.

आणि मग ती दुपार. सुट्टी होती. टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता, लेक आत कुटत होती. जावयाला फोन आला. त्यानं रिमोटवरचं बटण दाबून टीव्ही मुका केला, गिऱ्हाइकाला बुटाचा नंबर सांगितला, फोन ठेवला, आणि मुका केला होता हे विसरून गेला. पडद्यावर नायिका तोंड उघडून रडत होती. आवाज नाही.

"गेलं वाटतं," जावई म्हणाला. त्यानं थाप दिली. काही नाही. आतला बत्ता थांबला. त्यानं आणखी एक दिली.

"असं नाही," घणेकर वैतागला. त्याला एवढंच सांगायचं होतं की हात सैल ठेवा, तळव्याचा मागचा भाग लागू द्या. "थांबा, शिकवतो तुम्हाला."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. पण जावई सगळं माहितीपत्रकाबरहुकूम करणारा माणूस. शिकवणी मिळाली असं समजून त्यानं मागं होऊन, पूर्ण हात फिरवून, आयुष्यातली पहिली खरी थप्पड पेटीच्या कुशीत ओढली. तिचा आवाज माणसाच्या गालावर बसल्यासारखा आला. आणि मागून गाणं आलं नाही.

आत शांतता. बत्ता पुन्हा सुरू झाला नाही.

घणेकरला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात ते बारीक चित्र दिसलं: एक भोंगा, त्यावर काट मारलेली. मशीन गेलंच नव्हतं. त्यानं हात मांडीखालून ओढून काढला आणि रिमोट उचलला. ओरडून सांगता आलं असतं; पण काही केलं नाही असं सांगण्याची त्याला आयुष्यात कधी गरज पडली नव्हती, ते वाक्य त्याच्याकडे तयार नव्हतं. तो तसंच चित्र बटणांवर शोधू लागला. बटणं बारीक, अंगठा जाड. दारात सावली आली तेव्हा अंगठा आवाज वाढवायच्या बटणावर होता.

लेकीला नवरा दिसलाच नाही. तो तारा चाचपायला मशीनमागे वाकला होता, म्हणजे तिच्या हिशेबानं पडला होता. तिला दिसला तो फक्त उजवा हात, मांडीखाली नसलेला. लोखंडी बत्ता तिच्या मुठीत होता. घणाचाच तो घरगुती भाऊ. तिनं तो डोक्यावरून आणला. तिच्या घावात कसलीही घाई नव्हती. खांद्यातून, कमरेतून, वजन सोडून देऊन; टोळीतल्या कुणी बघितलं असतं तर पोर कुणाची हे विचारायला लागलं नसतं. बत्ता रिमोट धरलेल्या मुठीवर बसला. बोटांची हाडं वाजली. सुकी फांदी. रिमोटच्या ठिकऱ्या उडण्याआधी बत्त्याखालचा अंगठा बटणात रुतला.

आणि गाणं आलं. खोलीभर, काचा थरथरतील इतकं मोठ्यानं.

लेक बत्ता धरून तशीच उभी होती. नवरा मशीनमागून वर आला, धड, चष्म्यासकट, आणि आनंदानं म्हणाला, "आलं!" मग त्याला बाकीचं दिसलं.

थाप वाजली, मागोमाग गाणं आलं. भिंतीपलीकडे कुणी कान देऊन असेल तर त्यानं मशीनच आहे असं समजून कामाला हात घातला असेल. घणेकर खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसला होता, दुसऱ्या हातात पहिला हात घेऊन. दोन बोटं नको त्या बाजूला बघत होती. नखाखालून रक्त फरशीवर टपकत होतं. तो ओरडला नाही. नुसता लेकीच्या हाताकडे बघत होता, जसा एकदा, एका पडक्या घरात, आपल्या हाताकडे बघत राहिला होता.

दवाखान्यात त्याला आत नेलं तेव्हा लेक भिंतीला टेकून उभी होती, हाताला अजून कुटलेल्याचा वास. डॉक्टरांनी बोटं चाचपली, एक सांधा निखळलाय, दोन हाडं मोडलीत म्हणून सांगितलं, आणि मान वर न करता विचारलं, कशानं लागलं.

"मशीनचा कोपरा लागला," घणेकर म्हणाला.

शब्द तेच. दात न उघडता म्हणण्याची रीतही तीच. हे वाक्य आपल्याला पाठ आहे हे त्याला म्हटल्यावरच कळलं. वर्षानुवर्षं तो दाराशी उभा राहून ऐकत आला होता.

"नाही," लेक भिंतीजवळून म्हणाली. "मी मारलं. बत्त्यानं."

त्या कुटुंबातलं कुणी डॉक्टरसमोर खरं बोलण्याची ती पहिलीच वेळ. डॉक्टरांनी वर बघितलं, आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे. त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन ठरवायचं होतं.

"लोखंड गंजकं होतं?"

"नाही," लेक म्हणाली. "रोजच्या वापरातलं होतं."

तिघं घरी आले. जावयानं दार उघडलं. टीव्ही आणि मशीन तसंच चालू राहिलं होतं. गाणी खाली रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. लेक उंबऱ्याशी थांबली आणि बाहेरच्या पायरीवर बसली.

"चल ना आत," जावई म्हणाला.

"मी असो, म्हटलं होतं मी."

जावई नियम वाचणारा माणूस होता, मोडणारा नव्हता; तो पेचात पडून दारातच राहिला. घणेकर पायरीवर, लेकीच्या शेजारी, प्लास्टर मांडीवर घेऊन बसला. बराच वेळ तिघेही आतलं गाणं ऐकत होते. मग मशीनचा आवाज गेला. या वेळी खरोखरचा. तिघांनी सवयीनं कान दिला. कुणी उठलं नाही. थाप वाजली नाही.

"तो सांधा जोडून आण," घणेकर म्हणाला.

लेकीनं त्याच्याकडे बघितलं.

"थेंबाचं काम आहे म्हणतात."

"मग थाप मारायला कारण राहणार नाही, बाबा. त्यानंतर या घरात जी वाजेल ती माणसावरच वाजली, हे सगळ्यांना कळेल."

"माहीत आहे," घणेकर म्हणाला. आणि मग, "रेडिओवाला आला तेव्हाही माहीत होतं."

लेकीनं त्याच्या प्लास्टरवर बोटाच्या मागच्या बाजूनं एक टिचकी मारली, कारखान्यात मारते तशी, आणि ऐकलं. मग उठली आणि मशीन आणायला म्हणून आत गेली. नियमात हे बसतं की नाही, असं कुणी विचारलं नाही. जावयानं वायरी सोडवल्या, दुभाष्याची डबी खिशात घातली, आणि दोघं पेटी उचलून बाहेर आली. पेटी जड होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर लेकीनं ती पोटाशी नीट धरली आणि मान न वळवता म्हणाली, "तुम्ही आत बसा, बाबा. दार ओढून घ्या, वारा येतो."

घणेकर आत गेला. टीव्ही पुन्हा आपल्या पत्र्याच्या आवाजात बोलत होता. कोण काय म्हणतंय ते काही कळत नव्हतं. तो गादीवर बसला. सवयीनं त्यानं उजवा हात मांडीखाली घालायला घेतला. प्लास्टर आडवं आलं.